गळलेला टाका

मैत्रिणींनो, खरं खरं सांगा हं. मुलं झोपल्यावर रात्री अकरा वाजता त्यांची चित्रकलेची वही आपण रंगवली आहे की नाही? पुठ्ठ्याचं घर ‘जरा सरळ करते’ म्हणून पहिल्यापासून पुन्हा कापलं आहे की नाही? निबंधाची सुरुवात, शेवट आणि मधलंही थोडंसं ‘सुचवलं’ आहे की नाही? लाजू नका. घरोघरी मातीच्या चुली. मीही हे सगळं केलं आहे. पण त्यातला एक प्रसंग असा आहे, की तो आठवला की अजून माझे कान गरम होतात. तो चित्रकलेचा नाही की निबंधाचा नाही, विणकामाचा आहे. मुलांना विणायला कसं शिकवावं, हे तुम्हाला सांगायचं मनात आहे. पण कसं शिकवू नये, हे सांगितल्याशिवाय ते पुरं होणार नाही.

मला विणायला माझ्या आईनं शिकवलं. आमचं नाशिक तसं थंडीचं गाव. जवळच्या निफाडला पारा पाच-सहा अंशांपर्यंत उतरल्याची बातमी अधूनमधून पेपरात येतेच. दिवाळी झाली की आईच्या सुया बाहेर निघायच्या. नवी लोकर क्वचित. भावाचा आखूड झालेला स्वेटर उसवायचा, लोकर पाटाभोवती गुंडाळून तिची लडी करायची, ती धुवायची आणि खाली वजन बांधून दोरीवर वाळत घालायची, म्हणजे तिचे कुरळेपण जातं. मी सात वर्षांची असताना आईनं सायकलच्या दोन तारा घासून गुळगुळीत केल्या आणि त्यांवर मला पहिले दहा टाके घालून दिले. ‘चुकलं’ हा शब्द काही ती वापरायची नाही. नुसतं म्हणायची, “मोज बघू.” मोजले की माझं मलाच कळायचं.

लग्नानंतर सुया चालू राहिल्या त्या बाळांच्या टोपड्या-मोज्यांपुरत्या. मी बी.ए. झालेली, मराठी घेऊन. मुलं थोडी मोठी झाल्यावर जवळच्याच शाळेत अर्धवेळ शिकवायला जाऊ लागले. आठवड्यातून चार दिवस, मराठीचे तास. माझी धाकटी, चिऊ, त्याच शाळेत. दोन वर्षांपूर्वी ती चौथीत होती, तेव्हा कार्यानुभव शिकवणाऱ्या बाई जुलैत बाळंतपणाच्या रजेवर गेल्या आणि मोठ्या बाईंनी मला बोलावलं. “तुम्हाला विणकाम येतं ना? मग चौथीचा तास तुम्हीच घ्या.” मी आनंदानं हो म्हटलं. येतं म्हणजे शिकवताही येतं, अशी माझी समजूत होती.

पहिल्याच तासाला ती समजूत गळून पडली. वर्गात चौतीस मुलं-मुली. सुरुवात सुरुवातीपासून करायची, म्हणून मी टाके घालायला शिकवू लागले. दहा मिनिटांत निम्म्या वर्गाच्या बोटांना गाठी बसल्या, लोकरीचे गुंडे बाकांखालून घरंगळत एकमेकांत गुंतले, दोन मुलांनी सुयांची तलवारबाजी सुरू केली आणि एक मुलगी रडू लागली. तास संपला तेव्हा एकाही सुईवर एक धड टाका नव्हता.

घरी येऊन मी सासूबाईंना सांगितलं. त्या हसल्या. म्हणाल्या, “अगं, लहान पोराला पोळी शिकवताना आधी कणीक मळायला लावतेस का? गोळा हातात देतेस आणि लाट म्हणतेस.”

मला एकदम उमगलं. टाके घालणं हे विणकामातलं पहिलं काम असलं, तरी सोपं काम नव्हे. प्रत्येकी २४ टाके, म्हणजे चौतीस मुलांचे ८१६ टाके मी आणि सासूबाईंनी चार रात्री टीव्हीसमोर बसून घातले. वर दोन-दोन ओळी विणूनही दिल्या, कारण पहिली ओळ घट्ट असते आणि मुलांची सुई तिच्यात शिरत नाही. ज्यांच्या घरी लोकर नव्हती, त्यांच्यासाठी सासूबाईंनी आपली ट्रंक उघडली.

इथे सुयांविषयी दोन शब्द सांगते, कारण बाजारात गेल्यावर घोटाळा होतो. आपल्याकडे सुयांचे जुने नंबर अजून चालतात आणि त्यांत नंबर वाढला की सुई बारीक होते. ८ नंबरची सुई ४ मिलिमीटर जाडीची, तर १२ नंबरची पावणेतीन मिलिमीटरची. मुलांना ८ नंबरची द्या, आखूड द्या, आणि शक्यतो लाकडी किंवा बांबूची. स्टीलच्या सुईवरून टाके सळकन घसरतात आणि मूल हिरमुसतं. लोकर फिक्या, एकाच रंगाची घ्या. काळ्या किंवा गर्द निळ्या लोकरीत टाका दिसतच नाही, आणि केसाळ लोकर उसवताना जीव खाते. ‘लोकर’ म्हणून आपण आणतो ती पुष्कळदा मेंढीची नसते, ॲक्रिलिक असते. शिकायला तीच बरी. धुतल्यावर आटत नाही, स्वस्तही पडते. मात्र तिच्यावर गरम इस्त्री फिरवू नका. विणलेलं एकदम ढिलं पडतं आणि पुन्हा कधी पूर्ववत होत नाही.

दुसऱ्या तासाला फक्त सुलट टाका. उलटाचं नावही काढलं नाही. नुसत्या सुलट ओळींनी जे विणलं जातं, ते दोन्ही बाजूंनी सारखं दिसतं, कडेला वळत नाही आणि मुलांच्या हाताला लवकर बसतं. टाक्याच्या चार हालचालींना आम्ही चार शब्द ठरवले : आत, वळसा, बाहेर, सोड. सुई टाक्याच्या आत, धाग्याचा वळसा, सुई बाहेर, जुना टाका सोड. चौतीस मुलं एका सुरात “आत, वळसा, बाहेर, सोड” म्हणायला लागली. शेजारच्या वर्गातल्या बाई बघायला आल्या, की इथे कसली कवायत चालली आहे.

तीन मुलं डावखुरी होती. त्यांना शेजारी बसवून शिकवलं की सगळं उलटं व्हायचं. मग त्यांना समोर बसवलं आणि आरशात बघून करावं तसं माझ्या हातांकडे बघून करायला सांगितलं. दोन दिवसांत जमलं. तुमचं मूल डावखुरं असेल, तर एवढं लक्षात ठेवा. हात बदलायला लावू नका.

मुलांचे टाके आपोआप वाढतात, हा अनुभव तुम्हालाही येईल. २४ चे २७ होतात, ३० होतात. त्याचं कारण बहुधा कडेला असतं. ओळ सुरू करताना धागा सुईच्या वरून मागे गेला, की कडेचा एक टाका ओढला जाऊन दोन टाक्यांसारखा दिसतो आणि मूल दोन्ही विणून मोकळं होतं. धागा नेहमी सुईच्या खालून मागे न्यायचा. टाके कमी झाले, तर एखादा गळला असं समजावं. गळलेल्या टाक्याखाली आडव्या धाग्यांची शिडी तयार होते. क्रोशाची सुई घ्यायची आणि एकेक पायरी वर चढत तो टाका पुन्हा सुईवर आणून बसवायचा. हे मुलांना फार आवडतं. टाका वर आला की विहिरीत पडलेली कळशी काढल्याचा आनंद होतो त्यांना.

एका मुलाचे वडील मला शाळेच्या फाटकाशी भेटले. सभ्यपणेच म्हणाले, “बाई, मुलींना ठीक आहे. पण मुलाला विणायला कशाला?” मी त्यांना म्हटलं, इंग्लंडमध्ये मोजे विणायचं यंत्र १५८९ साली काढलं ते विल्यम ली या पुरुषानं. पेरू देशात टिटिकाका सरोवरात टाकिले नावाचं बेट आहे, तिथले पुरुष लहानपणापासून सुयांवर टोप्या विणतात, आणि त्या बेटाच्या विणकामाला युनेस्कोनं अमूर्त सांस्कृतिक वारसा म्हणून मान दिला आहे. एवढ्या लांब कशाला, आपल्या वर्ध्याला १९३७ साली गांधीजींनी शिक्षण परिषद भरवली, तेव्हा हातानं काम करत शिकायचं हेच तर मांडलं होतं. टकळीवर सूत काततांना मुलगा-मुलगी असा भेद कुणी केला नाही. गृहस्थ हसले. दिवाळीनंतर मला म्हणाले, “बाई, घरी तो एका जागी पाच मिनिटं बसत नाही, पण सुया घेतल्या की बसतो.” मला तेवढं पुरलं.

एवढं सगळं शहाणपण मी वर्गात वापरत होते. आता घरची गोष्ट ऐका.

जानेवारीत स्नेहसंमेलन. त्यात हस्तकलेचं प्रदर्शन आणि बक्षिसं. ज्यांचा हात बसला होता, त्या मुलांनी घरी मफलर किंवा कानटोपी विणायला घेतली. चिऊनं मफलर घेतला. गुलाबी लोकर, २४ टाके. शाळेत मी तिची बाई, घरी आई. त्यामुळे घरी तिला शिकवायचं नाही असं मी ठरवलं होतं. ती आजीजवळ बसून विणायची. आजी गोष्ट सांगायची आणि गोष्ट रंगात आली की टाके वाढायचे. दिवे गेले तेव्हा मेणबत्तीच्या उजेडात विणताना एक टाका गळला, तो तिला दिसलाच नाही, आणि तिथे चांगलं बोट जाईल एवढं भोक पडलं. गुलाबी लोकर मध्येच संपली, मग तिनं आजीच्या ट्रंकेतली पोपटी जोडली. मफलर मध्ये फुगलेला, टोकाला निमुळता, निम्मा गुलाबी आणि निम्मा पोपटी. साप उंदीर गिळून पडला आहे, असं तिचा दादा म्हणायचा. तो सातवीत. त्या भोकाला डोळा लावून तो “दुर्बीण, दुर्बीण” करायचा आणि दोघं खिदळायची.

प्रदर्शनाच्या आदल्या दिवशी तिनं मफलर पुरा केला, टाके बंद केले, घडी करून दप्तरावर ठेवला आणि झोपली.

रात्री साडेदहाला ओटा आवरून मी तो सहज हातात घेतला. दुसऱ्या दिवशी माझ्या वर्गाचं प्रदर्शन, मोठ्या बाई येणार, पाहुणे येणार, पालक येणार. आणि बाईंच्याच मुलीचा मफलर असा! मनात म्हटलं, एवढं भोक तेवढं सांधते. ते सांधताना वाढलेले टाके डोळ्यांना खुपायला लागले. म्हटलं, चार ओळी उसवते. मैत्रिणींनो, तुम्ही विणत असाल तर जाणता, उसवायला एकदा सुरुवात झाली की हात थांबत नाही. सर्र सर्र करत सगळा मफलर माझ्या मांडीवर आला. हे मधेच उठून पाणी प्यायला आले. म्हणाले, “अगं, झोप आता. तिचा आहे ना तो?” मी म्हटलं, “तुम्हाला नाही कळायचं.”

अडीच वाजता मफलर पुरा झाला. २४ चे २४ टाके, पट्टीनं आखावा तसा सरळ. शोभा यावी म्हणून गुलाबी-पोपटी पट्टे घातले. सकाळी चिऊ उठायच्या आत तो कागदात गुंडाळून मी शाळेत नेला.

पाहुण्यांनी तो उचलून धरला. “एवढ्याशा मुलीनं विणला? वा!” पहिलं बक्षीस. टाळ्या झाल्या. चिऊ पुढे आली, प्रमाणपत्र घेतलं, नमस्कार केला. मफलरकडे तिनं पाहिलंसुद्धा नाही. मला वाटलं, लाजली.

घरी आल्यावर तिनं विचारलं, “आई, माझा मफलर कुठंय?”

मी म्हटलं, “हा काय.”

“हा नाही. माझ्याला भोक होतं.”

मी समजूत घालायला लागले, “अगं, तुझाच आहे. लोकर तुझीच, मी फक्त जरा नीट केला.” ती रडली नाही, हे लक्षात घ्या. ओरडली असती तर बरं झालं असतं. तिनं प्रमाणपत्र माझ्या हातात दिलं आणि म्हणाली, “मग हे तू घे. नाव बदलून घे.” आणि खेळायला गेली.

त्या दिवसापासून तिनं सुया हातात घेतल्या नाहीत. शाळेच्या तासाला सुईवर टाके तसेच ठेवून बसायची. मी नवी लोकर आणली, सात रंगांची. बघितली नाही. गोड बोलून पाहिलं, रागावूनही पाहिलं. नऊ वर्षांची पोर, पण “मला येत नाही” एवढंच म्हणायची. आणि मैत्रिणींनो, ते खोटं नव्हतं. तिला येत नाही, हे मीच तर रात्रभर जागून तिला सांगितलं होतं.

सासूबाई पंधरा दिवस काही बोलल्या नाहीत. मग एकदा दुपारी मी पोळ्या करत असताना शेजारी येऊन बसल्या. म्हणाल्या, “तू लग्न होऊन आलीस, तेव्हाच्या तुझ्या पोळ्या आठवतात का?”

न आठवायला काय झालं! एकेक पोळी म्हणजे भूगोलातला नकाशा.

“तुझ्या सासऱ्यांना गोल, पातळ, पापुद्रे सुटलेली पोळी लागायची. मी मनात आणलं असतं, तर तू लाटलेली प्रत्येक पोळी मागच्या मागे मोडून पुन्हा लाटली असती. पाहुणे आले तेव्हा तर फार वाटलं तसं. पण लाटली नाही. तशीच वाढली. त्यांनाही सांगून ठेवलं होतं, ताटात काय पडेल ते मुकाट खा म्हणून.” थोडं थांबून म्हणाल्या, “लाटली असती, तर तू आज या ओट्याशी अशी उभी राहिली असतीस का गं?”

माझ्या हातातली पोळी तव्यावर करपली. मला लग्नानंतरचं ते पहिलं वर्ष आठवलं. परक्या घरात, परक्या ओट्याशी, वाकड्या पोळ्या वाढताना पोटात होणारी कालवाकालव आठवली, आणि कुणी काही म्हटलं नाही म्हणून दुसऱ्या दिवशी पुन्हा लाटणं हातात घ्यायचा झालेला धीरही आठवला. तो धीर मला कुणी दिला होता, हे तेरा वर्षांनी कळत होतं. आणि माझ्या लेकीचा धीर मी एका रात्रीत उसवून टाकला होता, तोही लोक काय म्हणतील म्हणून.

रात्री चिऊला जवळ घेऊन म्हटलं, “माझी चूक झाली. तुझा मफलर मला परत आणता येत नाही. उसवलेलं परत येत नाही. मी वर्गात खरं सांगू का?” ती बराच वेळ गप्प होती. मग मान हलवली.

आधी मोठ्या बाईंकडे गेले. प्रमाणपत्र टेबलावर ठेवलं आणि सगळं सांगितलं. वाटलं, बोलतील. त्या म्हणाल्या, “बाई, दर वर्षी निम्मं प्रदर्शन आयांचंच असतं. टेबलाजवळून जाताना मला कळतं. पण परत द्यायला आलेल्या तुम्ही पहिल्याच.” पहिलं बक्षीस दुसऱ्या नंबराच्या मुलाला गेलं. त्यानं कानटोपी विणली होती, एक कान मोठा आणि एक लहान. आणि पुढच्या वर्षीपासून नंबर काढायचे नाहीत, असं ठरलं.

मग चौथीच्या वर्गासमोर उभी राहिले. पदवीच्या तोंडी परीक्षेलाही माझे पाय एवढे कापले नव्हते. म्हटलं, “चिऊनं विणलेला मफलर मी तिला न विचारता उसवला आणि माझ्या हातानं विणून प्रदर्शनात ठेवला. हे चूक होतं, आणि चूक माझी आहे, तिची नाही.” वर्ग चिडीचूप. मग मागच्या बाकावरून आवाज आला, “बाई, मग तुम्हाला शिक्षा काय?”

मी म्हटलं, “तुम्हीच सांगा.”

त्या सुमारास प्रत्येकानं एकेक चौकोन विणायचा आणि सगळे जोडून गोधडीसारखं पांघरूण करायचं, असं आमचं ठरत होतं. मुलांनी आपसांत खलबत केलं आणि निकाल दिला, की बाईंनीपण एक चौकोन विणायचा, आणि चुकला तरी उसवायचा नाही. चौतीस मुलांचे चौतीस आणि माझा एक, पस्तीस. पाच आडवे, सात उभे. हिशेब बरोबर जुळला.

चौकोनाचं गणित सोपं आहे, तुमच्या मुलांना जरूर शिकवा. नुसत्या सुलट विणीत दोन ओळी झाल्या, की शेतातल्या वरंब्यासारखी एक उंच रेघ दिसते. जितके टाके, तितके वरंबे झाले की साधारण चौकोन होतो. २४ टाक्यांना २४ वरंबे, म्हणजे ४८ ओळी. खात्री करायची असेल, तर एक कोपरा समोरच्या कोपऱ्याला लावून त्रिकोणी घडी घालून बघायची, कडा जुळल्या की झालं. मापपट्टी लागत नाही. रोज वीस मिनिटं विणलं तरी पुरे. त्याहून जास्त वेळ बसवलं, तर मुलांची मान अवघडते आणि गोडीही जाते.

मार्च उजाडला. तेहतीस चौकोन आले. काही चौकोन, काही काटकोन, एक तर चक्क पतंग. चिऊचा नव्हता. मी विचारलं नाही. ते किती जड गेलं, माझं मला माहीत.

एका संध्याकाळी तीच आली. हातात तो मफलर होता, माझा. “आई, हा उसवू?”

अडीच वाजेपर्यंत जागून विणलेला, पाहुण्यांनी वाखाणलेला! पोटात गोळा आला, खोटं कशाला बोलू? पण म्हटलं, “उसव.” मी टाके बंद केलेलं टोक सोडवून दिलं आणि ती ओढत सुटली. दादा दोन हात पसरून समोर बसला आणि मी त्याच्या हातांभोवती लडी करत गेले. त्या दिवशी किती तरी दिवसांनी ती दोघं मनापासून हसली.

लडी धुऊन वाळल्यावर तिनं सुया घेतल्या. आधी मला बजावलं, “तू हात लावणार नाहीस ना?”

“नाही.”

“टाका गळला तरी?”

“तू बोलावलंस तर येईन.”

टाकेही तिनं स्वतःच घातले, आजीकडून शिकून. आठ दिवस ती विणत होती आणि आठ दिवस मी माझे हात पदराखाली धरून बसले होते. एका ओळीला मला स्पष्ट दिसलं, की टाका गळला. जिभेवर शब्द आला होता, तो गिळला. दोन ओळी पुढे गेल्यावर ती थांबली, मोजू लागली, पुन्हा मोजलं. “आई, तेवीसच आहेत.” मी म्हटलं, “मग?” तिनं क्रोशाची सुई मागितली, शिडी शोधली, टाका वर चढवत आणला. शेवटची पायरी मात्र हुकली आणि तिथे एक बारीकसं भोक राहिलं. तिनं ते उजेडाकडे धरून बघितलं आणि म्हणाली, “असू दे.”

पांघरूण पुरं झालं. अडीच फूट लांब, दोन फूट रुंद, चारी बाजूंनी थोडं नागमोडी. ते शाळेच्या बालवर्गात आहे, दुपारी पेंगणाऱ्या मुलांच्या अंगावर घालायला. त्यात मधे माझाही एक चौकोन आहे. मुलांशी बोलता बोलता विणल्यामुळे त्यात एक टाका उलट पडला आहे. शिक्षेप्रमाणे तो तसाच ठेवला. मुलं येता-जाता त्याच्यावर बोट ठेवतात आणि एकमेकांना सांगतात, “हा बाईंचा चुकलेला.”

मैत्रिणींनो, येत्या सुट्टीत घरातल्या मुलांना, मुलगा असो की मुलगी, दोन सुया आणि थोडी फिकी लोकर देऊन बघा. सात वर्षांचं मूल सहज शिकतं. टाके तुम्ही घालून द्या, दोन ओळी विणून द्या, घरात रांगतं बाळ असेल तर काम झाल्यावर सुयांच्या टोकांना बुचं लावून उंच ठेवा. एवढं झालं की तुमचं काम संपलं. पुढे फक्त “मोज बघू” म्हणायचं आणि हात मागे ठेवायचे.

हे शेवटचं सगळ्यांत अवघड आहे, हं. चिऊ आता सहावीत आहे. परवा उलट टाका शिकताना तिनं सगळी ओळ चुकीची विणली. मी भाजी निवडत होते. बघितलं, आणि पुन्हा भाजी निवडायला लागले. गवारीच्या शेंगांबरोबर किती चांगल्या शेंगा मी टाकून दिल्या, देव जाणे.